चढल्या वाटेनं उतरायचं नाही

बंगलोरला आलो तेव्हा मला सगळ्यात आधी राग आला तो इथल्या हिवाळ्याचा. इतकी चांगली वस्तू आणि घेणारं कुणी नाही! डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं, अकरा वाजता अंगावर घ्यावंसं वाटेल असं ऊन आणि चारनंतर पुन्हा गार वारा. असा हिवाळा पुण्याला असता तर आम्ही दरवर्षी सह्याद्री दोनदा पालथा घातला असता. इथली माणसं मात्र कानटोपी आणि मफलर चढवून, आता बर्फच पडणार अशा तोंडानं, कोपऱ्यावरच्या हॉटेलाबाहेर कॉफी पीत उभी असायची. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून त्यांच्या समोरून मुद्दाम सावकाश चालत जायचो. तेव्हा मी पुष्कळ गोष्टींकडे नाक वर करून बघायचो.

नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. त्याच्या पाच वर्षं आधी पुण्यातली जुनी नोकरी सोडून मी इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत आलो होतो आणि जे. पी. नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर बायको आणि मुलगी यांच्यासह भाड्यानं राहत होतो. वयाच्या अडतिसाव्या वर्षीही नवं काम शिकत राहणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. माझा साहेब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होता. शेजारच्या टेबलावरची पोरं जे अर्ध्या तासात करायची त्याला मला दोन दिवस लागायचे, आणि ती पोरं स्वभावानं इतकी चांगली होती की मदतच करायची. त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. सोमवार ते शनिवार मी खाली मान घालून काढायचो आणि रविवारची वाट बघायचो, कारण रविवारी डोंगर होते आणि डोंगरावर मी कुणीतरी होतो.

शहरातून बाहेर पडलं की तासा-दीड तासावर डोंगरच डोंगर. नंदीबेट्टा, शिवगंगे, सावनदुर्ग, रामनगरच्या बाजूचे ते मोठाले गोटे. आमच्याकडे जुनी मारुती होती, आधीच्या मालकानं तिच्या काचेवर लावलेला गणपती अजून तसाच होता. सहाला निघायचं, वाटेत केळीच्या पानात बांधलेल्या इडल्या घ्यायच्या, डोंगर चढायचा, वर बसून जेवायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. बायको कधी यायची, कधी नाही. मुलगी मात्र एकही रविवार सोडायची नाही.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. चार वर्षांची असताना इथे आली आणि खालच्या मजल्यावरच्या मालकिणीच्या कडेवर बसून कन्नड शिकली. माझं कन्नड तेवढ्याच वर्षांत 'स्वल्प', 'सरी' आणि 'गोत्तिल्ला' एवढ्यावर अडकलं होतं. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं आणि गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. तो शेवटचा शब्द मला फार उपयोगी पडायचा. एकदा मागडीच्या बाजूच्या एका गावात भर रस्त्यात नाचणीची ताटं पसरलेली दिसली. मी गाडी थांबवून, खाली उतरून, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हिंदीत रस्त्याचे नियम समजावायला लागलो. तो हसून नुसता 'पुढे चला' असा हात करत होता. माझा आवाज चढायला लागला तशी मुलीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, ते गाडी वरूनच न्यायला सांगतायत. आपल्या चाकांनी त्यांची मळणी होते." मी गाडीत बसलो आणि मुकाट्यानं त्यांची मळणी करून दिली. गाव मागे पडल्यावर तिला म्हणालो, "मला माहीत होतं. मी त्यांची गंमत करत होतो." तिनं ते खरं मानलं. त्या वयात ती माझं सगळंच खरं मानायची.

शाळेत तिला वडिलांवर निबंध होता. त्यात तिनं लिहिलं होतं, माझ्या बाबांना सगळ्या वाटा माहीत असतात, ते कधीच चुकत नाहीत. बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "मल्लेश्वरमच्या बाजारात दोन वेळा चुकलास ते नाही लिहिलंन?" मी हसलो, पण निबंधाचा कागद घडी करून पाकिटात ठेवला. ऑफिसात फार वाईट दिवस गेला की जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन तो वाचायचो. सांगायला लाज वाटते, पण वाचायचो. एवढं एक माणूस तरी आपल्याला असं समजतं, आणि तिचा तो समज आपण जपला पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. बाकी जपण्यासारखं माझ्याकडे त्या काळात फारसं नव्हतं.

आता तो नियम. पुण्यात आम्ही सात-आठ जण पंधरा वर्षं गड चढलो होतो. आमच्यात एक नियम होता, कुणी कधी केला ते आठवत नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. चढल्या वाटेनं उतरायचं नाही. एका दारानं गडावर जायचं आणि दुसऱ्या बाजूनं, दुसऱ्या गावात उतरायचं. आल्या वाटेनं परत जाणाऱ्यांना आम्ही 'सहलवाले' म्हणायचो. सह्याद्रीत हे जमतं. तिथला कातळ थराथरांचा असतो, कडा आला तर तो आधी दिसतो, आणि त्याच्या कडेकडेनं गेलं की कुठेतरी गवताचा पट्टा, दोन कड्यांमधली एखादी नाळ, गुराख्यांनी खोदलेल्या खोबण्या सापडतातच. हा नियम मी पुण्याहून भांड्याकुंड्यांबरोबर बांधून आणला होता. मुलीलाही शिकवला होता. शिवगंगेला आणि सावनदुर्गाला लोकांची गर्दी आणि एकच वाट, त्यामुळे तिथे तो पाळता आला नव्हता, आणि ती गोष्ट मला सलत होती.

त्या रविवारी संक्रांत होऊन गेली होती आणि घरी संध्याकाळी बायकोचं हळदीकुंकू होतं. ती सकाळपासून वाणाच्या वाट्या पुसत बसली होती. "पाचला बायका येतील. त्याच्या आत या. आणि हिला धुऊनपुसून फ्रॉक घालायचाय," तिनं बजावलं. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कागदाच्या पुडीत तिळगूळ दिला. आम्ही दोघंच निघालो.

कोणता डोंगर ते सांगत नाही. गावातले लोकही त्याला नुसतं बेट्टा म्हणतात, म्हणजे डोंगर. रामनगरच्या अलीकडे फाटा फुटतो, पुढे चार-पाच मैल कच्चा रस्ता. पायथ्याशी गाडी लावली तेव्हा धुकं अजून गेलं नव्हतं. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. वर चढायला खडकावर चुन्यानं बाण काढलेले होते. दीड तासात माथ्यावर पोचलो. तिथे एक छोटा नंदी आणि चार खांबांचा मंडप, बाकी उघडा खडक. मुलगी नंदीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, आता दुसऱ्या बाजूनं ना?"

तिनं विचारलं नसतं तर कदाचित मी गेलोही नसतो. पण तिनं विचारलं, आणि ज्या खात्रीनं विचारलं ती मला सोडवेना.

जेवण झाल्यावर पश्चिमेकडच्या बाजूला जाऊन बघितलं. खडक मजेत उतरत होता. खाली तळं, नारळाची बाग, आणि तळ्याच्या काठानं गाडीपर्यंत जाणारी बैलगाडीची वाट स्वच्छ दिसत होती. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. "इथे बाण नाहीयेत," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाण सहलवाल्यांसाठी असतात."

मधला भाग दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तळं दिसत होतं आणि पायाखालचा खडक दिसत होता. दोन्हींच्या मधलं काहीच दिसत नव्हतं. हे डोंगर म्हणजे पालथी घातलेली कढई. वर सपाट, मग थोडा उतार, मग आणखी थोडा. कडा असा कुठे येतच नाही. प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा जरासंच अवघड असतं, आणि त्या जराशाला माणूस घाबरत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पंधरा वर्षं सह्याद्री चढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मुलगी हलकी, तिच्या पायात कॅनव्हासचे बूट. ती पुढे पळत होती. मीच म्हणालो होतो, "जा, त्या झुडपापाशी थांब." खडकाच्या एका भेगेत झुडूप उगवलं होतं आणि त्याच्या बुडाशी बसता येईल एवढी जागा होती. ती तिथे पोचून बसली आणि माझ्याकडे बघून हात हलवला. मी तिच्यापासून वीसेक फुटांवर असेन. आमच्या मधे खडकावर एक रुंद काळा पट्टा होता, पावसाळ्यात पाणी वाहतं तिथल्या वाळलेल्या शेवाळाचा. मी त्यावर पाय ठेवला आणि पाय गेला.

घसरलो चार-पाच फूटच. तळहात, ढोपरं, हनुवटी, जे जे टेकवता आलं ते टेकवलं आणि थांबलो. पोट खडकाला, गाल खडकाला. मग उजवा पाय थरथरायला लागला, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा, माझ्या परवानगीशिवाय. मी त्याला थांबवू शकेना. वर बघितलं तर जिथून आलो तो उतार आता भिंतीसारखा दिसत होता. खाली बघितलं तर मुलगी, आणि तिच्या पलीकडे दोन हातांवर खडक वळून नाहीसा होत होता. त्यापुढे एकदम तळं.

"बाबा, लागलं?"

"नाही. हलू नकोस."

"मी येऊ वर?"

"नको! अजिबात हलू नकोस. मी येतो."

मी येतो असं मी किती वेळा म्हणालो असेन कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी ते खरं करायचं ठरवायचो, एक हात सोडायचा असं मनाशी म्हणायचो, आणि हात सुटायचा नाही. बोटं माझी, पण ती ऐकत नव्हती. पंधरा वर्षांत मी कितीतरी जणांना असं कातळावर चिकटलेलं पाहिलं होतं. त्यांना दोर टाकून, दोन शिव्या घालून ओढून घेतलं होतं आणि नंतर वर्षभर त्यांची टिंगल केली होती. आता टिंगल करायलाही कुणी नव्हतं. घड्याळ मनगटावर होतं, पण मनगट वळवून ते बघायची हिंमत झाली नाही.

मी ओरडलो. आधी आमची गडावरची 'ओ' दिली, लांब, दोन आवाजांची. मग हिंदीत, मग इंग्रजीत. खालच्या गावात कुठेतरी लाऊडस्पीकर लागला होता, त्याचं गाणं आमच्यापर्यंत स्वच्छ येत होतं, पण आमचं काही तिकडे जात नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. मुलगी गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. माझ्या पुढच्या सूचनेची वाट बघत होती. तिच्या दृष्टीनं हे सगळं अजून वाटेचाच एक भाग होतं, बाबाला माहीत असलेल्या वाटेचा.

तिची ती नजर मला सहन झाली नाही. आणि मग मी जे केलं ते अजून आठवलं की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. मी तिच्यावर ओरडलो. "तुला कुणी सांगितलं होतं पुढे पळायला? सांगितलं होतं ना, माझ्या मागे राहायचं म्हणून? तुझ्यामुळे झालंय हे सगळं!"

असं काही मी सांगितलं नव्हतं. 'जा, त्या झुडपापाशी थांब' असंच सांगितलं होतं. तिलाही ते चांगलं ठाऊक होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "सॉरी, बाबा."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

आवाज डाव्या बाजूनं आला. "एय! अल्ले कूत्को मगा, होगबेडा!" तिथेच बस पोरी, जाऊ नकोस, हा त्याचा अर्थ मला पुष्कळ पुढे कळला. खडकाच्या भेगांमधून उंच गवत वाढलं होतं, त्यात एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, पाठीशी गवताचा भारा, हातात विळा, पाय अनवाणी. ती त्या उतारावर आपल्या अंगणात उभं राहावं तशी उभी होती. मी हिंदीत म्हणालो, "बचाओ." ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मी म्हणालो, "गोत्तिल्ला." पाच वर्षं ज्या शब्दानं मी सगळीकडून सुटलो होतो तोच तोंडातून बाहेर पडला.

मुलगी बोलायला लागली. मला तिचं कन्नड इतकं सलग कधी ऐकायला मिळालं नव्हतं. ती माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, बाई मधेच प्रश्न विचारत होती, आणि मी, ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो, गाल खडकाला लावून दोघींच्या आवाजावरून अंदाज बांधत होतो. ऑफिसात मीटिंगमधे होतं तसंच. बाईनं भारा खाली ठेवला, विळा त्यात खोचला आणि आडव्या चालीनं येऊन मुलीजवळ बसली. मुलीनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"बाबा, अक्का म्हणतेय, आधी बूट काढ."

"कसे काढू? हात सोडता येत नाही."

तिनं ते बाईला सांगितलं, बाईनं तिला सांगितलं, तिनं मला. "एका पायानं दुसऱ्याचा काढ. घाई नाही म्हणते."

टाचेनं टाच रेटत एक बूट काढला. तो घरंगळत तिच्या बाजूनं गेला आणि खडक वळतो तिथे दिसेनासा झाला. पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही तिघांनीही तो ऐकायची वाट बघितली. मग दुसरा गेला. मोजे बाईनं काढायला लावले.

"आता म्हणतेय, उपडा नको राहूस. वळून बस. आणि काळ्यावर पाय ठेवायचा नाही, पांढऱ्या खरबरीतवर ठेवायचा. तुझ्या डाव्या हाताला आहे बघ. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ."

"माझ्याकडे म्हणजे कुणाकडे? तिच्याकडे?"

"नाही," मुलगी म्हणाली. "ते मी म्हणतेय. माझ्याकडे बघ."

मी वळलो. कसा वळलो ते नाही आठवत. बसून, तळहातांवर आणि टाचांवर, वीतवीत सरकत मी डावीकडे गेलो. अनवाणी पायाला तो खडक खरंच धरत होता. आणि सबंध वेळ मुलीचा आवाज चालू होता. "आता डावा. छान. आता हात. स्वल्प खाली. हं, असंच. घाबरू नकोस, बाबा, अक्का म्हणते काही होत नाही." यातलं किती अक्काचं होतं आणि किती तिचं, मला कळत नव्हतं. ज्या सुरात ती बोलत होती तो सूर मात्र माझ्या ओळखीचा होता. तिला पहिल्यांदा सिंहगड चढवताना मी त्याच सुरात बोललो होतो.

गवताच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर पुढे सगळं सोपं होतं. तिथून आडवी, मग जराशी वर आणि मग एका घळीतून खाली जाणारी वाट होती, गवत कापणाऱ्या बायकांची. जागोजागी पाऊल मावेल असे खड्डे खोदलेले. बाई पुढे, मुलगी मधे, मी शेवटी. मोहिमेत सगळ्यात कच्च्या माणसाला मधे घेतात, असा आमचा पुण्यातला आणखी एक नियम होता. इथे मधे मुलगी होती, पण ती वळूनवळून माझी पावलं बघत होती.

उतरता उतरता बाईनं तिला काहीतरी विचारलं. वाक्य लांब होतं, मला त्यातला 'अप्पा' कळला आणि 'बुद्धी' कळला. मुलीनं हळू आवाजात उत्तर दिलं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काही नाही. माझं नाव विचारलं."

तळ्याशी पोचल्यावर मी पाकीट काढायला लागलो तर बाईनं हात झटकला. मुलीनं डब्यातली तिळगुळाची पुडी काढून तिला दिली. संक्रांतीला तीळ-गूळ इथेही वाटतात, बाईला ती लगेच कळली. एक वडी तिनं तोंडात टाकली, बाकीची पुडी कमरेला खोचली, मुलीच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि आपल्या भाऱ्यासाठी पुन्हा वर चालायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी अनवाणी, ढोपरं फुटलेला, उभा होतो. मला खूप रडायला येत होतं आणि मुलीसमोर रडायचं नाही एवढंच त्या दिवशी मला जमलं.

गाडी अनवाणी चालवली. सगळी वाट मी मनात वाक्यं जुळवत होतो. मी ओरडलो ते चुकलं. तुझी काही चूक नव्हती. वाट मला माहीत नव्हती. तीन सोपी वाक्यं, मराठीत. कनकपुरा रस्त्याला लागेपर्यंत एकही बोललो नाही. मग तिला झोप लागली आणि मला सुटल्यासारखं झालं. याचीही लाजच वाटते.

घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दारात बायकांच्या चपला, आत गजऱ्यांचा वास. बायकोनं माझे पाय बघितले, ढोपरं बघितली. बायकांसमोर आवाज खाली ठेवून म्हणाली, "अरे, हे काय? बूट कुठायत?"

मी तोंड उघडलं. आता सांगून टाकू असं खरंच ठरवलं होतं. पण मुलगी माझ्या आधी बोलली.

"देवळाबाहेरून चोरीला गेले. बाबा चोराच्या मागे पळाला ना, म्हणून पडला."

बायका खो खो हसल्या. एक जण म्हणाली, "अहो, पुणेरी माणसाचे बूट चोरायचे म्हणजे चोरही धीराचा हं!" पुन्हा हसणं झालं. मी पण हसलो. काय करणार? मी आत जाऊन मोरीत पायांवर पाणी घेत बसलो. बाहेर बायको तिला विचारत होती, "आणि ट्रेक कसा झाला?"

"मस्त. बाबानं नवीन वाट शोधली."

नऊ वर्षांची मुलगी. खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं असेल तर ते मीच, नाचणीच्या मळणीपाशी. पण मी माझ्यासाठी बोललो होतो. तिनं मला समोर बसवून विचारलं असतं, तू माझ्यामुळे पडलास का, तर मी काय सांगितलं असतं? तिनं विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल ती कधीच काही बोलली नाही. आज ती तेव्हाच्या माझ्या वयाला आली आहे, आणि अजूनही आमच्यात तो विषय निघत नाही. निबंधाचा कागद मी त्या रात्री पाकिटातून काढून कपाटातल्या फाइलमधे ठेवला. फाडून टाकायचं धैर्य झालं नाही आणि पुन्हा वाचायचंही.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं मला वाटत होतं. तिनंच सहाला उठवलं. आठवड्यात मी नवे बूट घेतले होते, त्यांच्या नाड्याही तिनं ओवून ठेवल्या होत्या. एका दुसऱ्या, बुटक्याशा डोंगरावर गेलो. गाडीतून उतरल्याबरोबर ती पायथ्याच्या टपरीवाल्याकडे गेली आणि त्याला कन्नडमधे वाटेचं सगळं विचारून आली. काय विचारलं ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वर जेवलो, बसलो, बरंच बोललो, तिच्या शाळेचं, मैत्रिणींचं.

निघायची वेळ झाली. ती उठली, दप्तर पाठीला लावलं आणि आम्ही चढलो होतो त्या वाटेच्या तोंडाशी, चुन्याच्या पहिल्या बाणावर जाऊन उभी राहिली. मग वळून मला म्हणाली, "बाबा, तू सांग. कुठून उतरायचं?"

ती वाट बघत होती. मी नीट उत्तर द्यावं म्हणून जीव मुठीत धरून वाट बघत होती.

"आलो तिथूनच," मी म्हणालो.

"मला पण तेच वाटत होतं," ती म्हणाली, आणि पुढे झाली.